झगा वाळेपर्यंत

चिलोएच्या आमच्या या बेटावर
फादर येतात वर्षातून एकदा, बोटीने,
समुद्राची मर्जी असेल तर.
बाकीचे दिवस तू माझ्या हवाली.

देवळाची किल्ली वीतभर लांब, गंजाने खरबरीत.
सासूने हातात दिली तेव्हा म्हणाली,
"एदुविना, दार आधी उचलून धर, मग फिरव.
लाकूड फुगतं."
प्रार्थनेबद्दल काही बोलली नाही.

म्हणून मला येत होतं तशी बोलत गेले तुझ्याशी,
बाजारात बोलतात तशी:
दोन मेणबत्त्या, बदल्यात बटाट्याला कीड नको.
नऊ दिवस उपास, बदल्यात धाकट्याचा खोकला ने.
कधी दिलंस, कधी नाही.
हिशेब मी चोख ठेवला.

मग अर्तेमियो शिंपले काढायला गेला
आणि तिसऱ्या दिवशी नुसती होडी परत आली.
आत त्याचा जेवणाचा डबा,
न उघडलेला.

त्यानंतर चौदा महिने
मी रोज दार उचलून धरलं, फिरवलं,
आणि तुझ्याकडे पाठ करून फरशी झाडली.
तुला ठाऊकच आहे.
एकदा वेदीजवळ पाल्याचा ढीग तसाच ठेवला,
मुद्दाम.

सणाआधी तुझा झगा धुवायचा असतो.
दरवर्षी आम्ही तिघी असायचो;
त्या वर्षी रोसेंदाचे गुडघे धरलेले,
फिलोमेना मुलीकडे, दूर मुख्य भूमीवर.
मी एकटीने गाठी सोडल्या.

तो जांभळा मखमली झगा उतरला
आणि आत तू नव्हतास.
म्हणजे चेहरा होता, केस होते कुणा पोरीने नवसाचे दिलेले,
मनगटापर्यंत कोरलेले हात होते.
बाकी सगळी फळकुटं.
वाशांचा सांगाडा, रंध्याही न मारलेला,
खांद्याला चामड्याची बिजागरी,
आणि बरगडीच्या जागी होडीचे खिळे,
अर्तेमियो ठोकायचा तसलेच,
डोकं चपटं केलेले.

किती वर्षं मी या झग्यापुढे हात जोडले!
हसू आलं आधी.
मग हसू थांबेना, आणि ते हसू उरलं नाही.

बाहेर पाऊस, तीन दिवस.
झगा चुलीवर टांगला तरी ओला.
तू तिथे उघडा, खिडकीतून वारा,
गालावर ते रंगवलेलं रक्त.
मी घरी गेले, पेटी उघडली,
त्याचा करडा स्वेटर आणला,
मीच विणलेला, कोपरावर दोनदा रफू केलेला.
तुझे हात एकेक करून बाह्यांत घातले,
बिजागरी करकरली.
बाह्या लांब झाल्या.
त्याच्या दुमडायचे तशा दुमडल्या, दोन वेळा.

आणि तोंडातून निघालं,
"थंडी वाजते का रे?"

चौदा महिन्यांनंतरचं हे पहिलं वाक्य.
त्यात मागणं नव्हतं.
माझ्या ते बऱ्याच उशिरा लक्षात आलं,
रात्री, अंथरुणावर.

सणाला फादर आले. तुझा पाय चुंबायला वाकले,
नाक उडवलं, मला हळूच विचारलं,
"प्रभूच्या अंगाला धुराचा, मासळीचा वास कसा?"
म्हटलं, "कोळ्यांत राहिलेला माणूस, फादर,
येणारच."

आता मी दुपारी येते.
जपमाळ कधी हातात असते, कधी घरी राहते.
बटाट्याची टोपली आणते, बाकावर बसून सोलते,
साली ॲप्रनमध्ये.
लाटा चढल्या की फळ्यांच्या भिंती होडीसारख्या कुरकुरतात.
कधी तुला धाकट्याचं पत्र वाचून दाखवते,
कधी भांडते अजून, त्या डब्यावरून.
तो प्रश्न काही मिटलेला नाही,
आणि तूही तो मिटवत नाहीस.
कधी डोळा लागतो
आणि जाग येते तेव्हा
कुणीतरी जागं होतं असं वाटतं.

तू अजून एक शब्द बोलला नाहीस.
असू दे.
अर्धी टोपली उरलीय.