करी मी होम

टोकेकर, तुझ्या चारही तबकड्या माझ्याकडे आहेत.
पैकी एक वाकली. ऐन मे महिन्यात
पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली, चूक माझी.
सुई तिच्यावर आता होडीसारखी चालते,
वर, खाली, वर,
आणि गाणारा दर फेरीला
थोडा दमून परत येतो.

महूच्या लिलावात घेतल्या होत्यास तू,
फौजी मेसच्या फुटक्या कपबश्यांसकट
अकरा रुपयांत सगळं खोकं.
मीटरगेजच्या डब्यात मांडीवर धरून आणलंस,
हलू न देता,
जणू आत दही लागतंय.

कव्हरवर पाच जण, एका लाकडी गोदामासमोर.
धड हसरे नाहीत, धड रागावलेले नाहीत,
पगाराच्या खिडकीपाशी उभे असावेत तसे.
चौघांना आपण नावं दिली नाहीत.
पाचवा, बाजूला बघणारा, तो टाइमकीपर गंगवाल.
"याच्या खिशात बघ, नक्की आपली हजेरी आहे."

शब्द कुणाला कळत होते?
तू विणाई खात्यातला फिटर, मी हिशेबातला कारकून,
दोघांचं इंग्रजी बेअरिंगच्या नंबरापुरतं.
पण ड्रम वाजवणारा तुला पहिल्याच दिवशी कळला.
"अर्ध्या केसानं मागे पडतोय बघ.
चौदा नंबरच्या मागाचा पट्टा असाच सैल आहे.
आवळला की सूत तुटतं.
राहू द्यायचा तसाच."

आणि कुमुदआत्या.
नंदलालपुऱ्यातून भाजी आणून पायरीवर टेकायची,
दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं नेमकं तेव्हा लागायचं:
करी मी होम, करी मी होम.
"कोण रे हा भटजी?
गातो बरा, पण घसा बसलाय.
धूर गेला असेल बिचाऱ्याच्या."

होम म्हणजे घर, हे काय मला ठाऊक नव्हतं?
पण आत्या बोलली
आणि त्यानंतर दुसरं काही ऐकूच आलं नाही.
रात्रपाळी सुटली की सायकलींवर, पुलावरून,
भोंग्याच्या सुरात सूर लावून
करी मी होम.
सियागंजात सुई बदलताना यूनुस मिस्त्रीसुद्धा:
"वो होम वाला लगाओ, लघाटे बाबू."

तिसरी आपल्याला आवडली नाही.
फार व्हायोलिनं.
तू म्हणालास, यांच्याकडे पैसा आला.

चौथीच्या कव्हरवर चौघेच.
गंगवाल कुठे गेला?
भांडला, मेला, की गावी परतला,
कुणाला विचारणार?
मिलच्या फाटकाला कुलूप लागलं त्या वर्षी
आपण पुन्हा ती काढून बसलो होतो.
तू बोटाने रिकामी जागा दाखवलीस, दोन माणसांच्या मधली.
"बघ, सरकून उभे राहिले नाहीत."

परवा सुनेनं पाठीमागचा बारीक मजकूर
भिंग धरून वाचून दाखवला.
लाकडाच्या गिरणीत पाय गेलेला एक माणूस
सोबत्यांना सांगतोय, उचला मला, घरी न्या,
आणि नेताना नदीकडच्या रस्त्याने न्या,
मोठ्या सडकेनं नको.
बस, एवढंच गाणं आहे ते.

तू तसं काही सांगितलं नव्हतंस.
एम.वाय.मधून तुला आणलं तेव्हा
आम्ही सरळ बीआरटीएसने आणलं.
लवकर पडतं म्हणून.
पुलावरून आणता आलं असतं.
दहा मिनिटं जास्त लागली असती, फार तर पंधरा,
आणि घाई तशी कुणालाच नव्हती.

यूनुसचा मुलगा म्हणतो, काका,
दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवू, सरळ होईल.
नको म्हटलं.
सुई खाली टेकवली.
वर, खाली,
ड्रमवाला अजून अर्धा केस मागे,
लाटांवरून येतोय तो,
घसा बसलेला,
येऊ दे.