धोट्याची खिट्टी

शहापूरच्या खडे बाजारात बाबांचं दुकान.
पाटी वर कानडीत, खाली मराठीत,
मधल्या फटीत चिमणीचं घरटं.
फुटक्या भात्याच्या पेट्या, माना मोडलेले तंबोरे,
सौंदत्तीहून आलेलं चौंडकं,
गावोगावचं दुखणं तिथं येऊन बसायचं.

मार्गशीर्षात शेश्तिन आली.
कॅम्पातल्या आगुस्तीन मास्तरांनी धाडलेली,
हातात चिठ्ठी, पोटाशी कडेवरच्या पोरासारखं वाद्य.
बाबांनी ते उलटंपालटं केलं.
"सारंगी म्हणायचं की पेटी वो ह्याला?
गज हाय, तरफा हायत,
आणि बोटांखाली ह्या एवढ्या खिट्ट्या.
खुळं हाय काय!"
सदतीस खिट्ट्या. एक तडकलेली.
स्वीडनच्या लाकडाला आमची कोरडी हवा
सोसली नव्हती.

बाबा उठले. शेजारी इराव्वाच्या मागावरून
मोडका धोटा मागून आणला.
चाळीस वर्षं ताण्यातून धावून
गुळगुळीत झालेलं लाकूड.
दोन दिवस कानस, भिंग आणि शिव्या,
त्यातल्या निम्म्या कानडीत.

तिसऱ्या दिवशी तिनं गज टेकवला.
तिच्या गावचा नाच, म्हणाली, तीन मात्रांचा.
पण तीन कुठले!
दुसरी मात्रा उंबऱ्यावर रेंगाळायची,
तिसरी घाईनं आत यायची.
भिंतीपलीकडं इराव्वाचा माग
तसाच लंगडत चाललेला.
माग थांबला.
इराव्वा दारात, कमरेला सुताचा गुंता,
"नम्म मग्गद हांगे अदल्ला," म्हणाली,
आमच्या मागासारखंच की हे.
कुणी हात न लावलेल्या बारा तरफा
आतल्या आत बोलत होत्या.
भिंतीवरचा तंबोराही, मला वाटतं,
पण ते मी बाबांना विचारलं नाही.

रविवारी चर्चमध्ये मास्तरांचं व्हायोलिन,
आतड्याच्या तारा, खरखरीत आणि मऊ,
तीनशे वर्षांपूर्वीची कुठली तरी जर्मन सुरावट,
आणि तिच्यात शेश्तिनचा गज.
बाबा शेवटच्या बाकावर,
चप्पल बाहेर काढून, अनवाणी.
डोळे मिटून ऐकत होते,
पण ऐकत होते एकच स्वर.
तो आला की मान हलायची,
नाही आला की नुसतं थांबणं.
पैसे घेतले पंचाहत्तर.
धोट्याचे इराव्वाला वीस.

पुढच्या फाल्गुनात कार्ड आलं, बर्फाचं चित्र.
"तुमची खिट्टी इथल्या थंडीत
थोडी चढी लागते."

बाबांनी मला समोर बसवलं, लिही म्हणाले.
चढणारच. ऊन खाल्लेलं लाकूड हाय ते.
डावीकडं केसभर फिरव.
केसभरच. जास्त नको.

मग बराच वेळ गप्प.
भिंतीपलीकडं काहीच वाजत नव्हतं,
माग दिवाळीतच भंगारात गेला होता.

आणि लिही, म्हणाले,
तो नाच वाजवताना
दुसऱ्या मात्रेला घाई करू नको.