काढता पाय

करमाडच्या पुढं, बंद कारखान्याच्या आवारात
एक धावपट्टी आहे. तिच्यावर विमान कधी उतरलं नाही.
रविवारी तिथं केशरी शंकू मांडतात,
टँकरनं एक वळण मुद्दाम ओलं करतात
आणि माणशी साडेतीन हजार घेऊन
आम्हाला आपापल्या गाड्या जिवावर उदार होऊन
फिरवू देतात.

मी सत्तेचाळीसचा. वाळूजला मोजमापाच्या खोलीत
वीस अंशांच्या गारव्यात एकवीस वर्षं
दुसऱ्यांच्या चुका मायक्रॉनमध्ये सांगत आलोय.
गाडी सेकंडहँड, निळी, चारही चाकांना ताकद.
विकणारा म्हणाला होता, ही सुटतच नसते.
मीही तेच सांगत फिरलो, कॅन्टीनमध्ये, सोसायटीत,
जालन्याच्या साडूला तर मुद्दाम फोन करून.

मुख्तारभाईनं हेल्मेटचा पट्टा आवळला.
"दोनच गोष्टी. जिकडं जायचं तिकडं बघायचं.
आणि वळणात मधीच पाय काढायचा नाही.
शिरलात ना? मग निभवायचं."
हेल्मेटला आधीच्या माणसाच्या घामाचा वास होता
आणि किंचित वेलचीचा.

पाच फेऱ्या छान गेल्या. सहावी जरा जास्तच छान.
सातवीला ओलं वळण आलं
आणि स्टिअरिंग डावीकडं, गाडी सरळ,
ऐकू आलं नाही असं दाखवणाऱ्या पाहुण्यासारखी.
चारही चाकं एकमतानं
नको तिकडं.

मी पाय काढला.

नवीन नाही मला ते.
गुणवंतच्या टूलरूममधली भागीदारी: सहीच्या दिवशी मला ताप.
वैजूचं ऑपरेशन: गाडी लावून येतो म्हणालो
आणि दीड तास पार्किंगमध्ये बसून राहिलो,
रेडिओ बंद, हात मांडीवर.
घरात बोलणं वाढायला लागलं की मला कुकर बघायचा असतो.
कुणाच्या लक्षात येत नाही. मी हळूच काढतो.

गाडीच्या आलं.
वजन पुढं, मागचं हलकं,
मागची बाजू पुढं जायला निघाली, काही घाई नसल्यागत.
काचेत शंकू. मग टँकर. टँकरवर बसून
शेंगा खाणारा पोरगा. मग आभाळ, शंकू,
परत तोच पोरगा, शेंग दातात तशीच.
मी त्याच्याकडंच बघत होतो,
म्हणजे जिकडं जायचं नव्हतं तिकडं.

मग आवाज बदलला. काँक्रीट संपलं होतं.
बुडाखाली पऱ्हाट्या काडकाड मोडत गेल्या
आणि टँकरच्या सांडलेल्या पाण्यानं मऊ झालेल्या
काळ्या रानानं गाडी धरून ठेवली.
मी रेस केली. ती अजून खाली बसली.

पलीकडच्या वावरातून लाल ट्रॅक्टर आला.
चालवणारी बाई उतरली, वाकून बघितलं.
"चारीबी चाकं फिरतेत का हिची?
म्हणूनच चार खड्डे झालेत."
साखळी लावली, ओढलं, पाचशे घेतले,
मोडलेल्या पऱ्हाट्यांचे काही घेतले नाहीत.

मुख्तारभाई रागावला नाही. एवढंच विचारलं,
"पाय काढला ना?"
मी म्हणालो, पाणी जास्त मारलंय तुम्ही.
तो दुसऱ्याचं हेल्मेट पुसत राहिला.
खिशात टेप असतोच माझ्या. जाऊन डाग मोजले:
एकोणीस मीटर सरळ, पुढं वाकडी रेघ, पुढं माती.
सरळ आणि वाकड्याच्या मधे, वीतभर,
रबर उमटलंच नव्हतं.
ती वीत मी दोनदा मोजली.

बीड बायपासला चाळीसच्या वर गेलो नाही.
वैजूनं विचारलं, कशी पळाली?
चांगली, हे ओठावर होतं. पण ती बघत होती
माझ्या बुटांकडं, घोट्यापर्यंत काळ्या.
"सुटली," म्हणालो.
"म्हणजे?"
आत कुकरची तिसरी शिट्टी झाली.
मी खुर्चीतच.
चौथी झाली. पार्किंगचं सांगायला लागलो,
आजच्या नाही, त्या हॉस्पिटलच्या.

त्या रात्री वरणाला
जळका वास होता.