सव्वीस

आधी खिडकीपाशी ये, रोस्वीथा.
ट्यूबलाइटखाली रंग थापा मारतात.
हा मोरपंखी तिथे काळा वाटतो,
आणि हा काळा उन्हात बघ, वांग्याची साल.

अडतीस वर्षं तू लाइपझिगभर ट्राम चालवलीस,
मानेवर एक घट्ट अंबाडा, टोपीखाली मावेल एवढा,
आणि त्रेसष्टाव्या वर्षी
माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणतेस, कमरेपर्यंत.
बरं. पण आधी तराजू.
चाळीस जटा म्हणजे अर्धा किलो बटाटे,
तेही दिवसरात्र, झोपेतसुद्धा.
कानशिलांपाशी तुझे केस विरलेत, जुन्या चादरीसारखे.
तिथे मी एकही बांधणार नाही.
सव्वीस पुरे. खांद्याच्या जरा खाली.
रुसू नकोस. क्लिपचं गंगावन हवं तेव्हा काढून ठेवता येतं,
हे तुझ्याबरोबर झोपणार, उठणार, बाजारात जाणार.

हे केस कुणाच्या डोक्यावर उगवलेले नाहीत.
कारखान्यातला धागा आहे, प्लास्टिक.
मी तो उलटा विंचरते, पिंजते, पिळते, वाफ देते,
तेव्हा कुठे त्याला स्वतःला जट म्हणवून घ्यायची
लाज वाटेनाशी होते.
मग रात्रभर टबात, व्हिनेगरच्या पाण्यात.
सकाळी वर पांढरट साय धरते.
तीच ती खाज. ती मोरीत गेली की मग तुझं डोकं.

मान खाली. अजून.
भांग मी सरळ पाडत नाही, विटा रचतात तसे चौकोन पाडते,
म्हणजे वाऱ्यात टाळू उघडी पडत नाही.
दुखलं तर ओरड.
तीन रात्री ताण राहील. चौथ्या रात्रीही राहिला,
किंवा मुळाशी पांढऱ्या पुटकुळ्या दिसल्या,
तर शूरपणा नको, ये, सैल करून देते.
सोसण्याचं बक्षीस इथे टक्कल असतं.

शाम्पू पातळ कर, मोहरीच्या सॉसच्या रिकाम्या बाटलीत भर,
भांगाभांगातून सोड. चोळू नकोस, दाब.
मुळं वाळली नाहीत तर तिसऱ्या दिवशी
ओल्या कुत्र्याचा वास येतो, आणि तो आपल्याला सगळ्यांत शेवटी येतो.
उशीला सॅटिनचा अभ्रा.
ओव्हनपासून लांब, सॉनापासून लांब.
एल्केने वाढदिवसाच्या मेणबत्त्या वाकून फुंकल्या होत्या.
पुढचं सांगत नाही.

*

आठ आठवडे म्हटलं होतं, दहाव्याला आलीस.
दार उघडलं तेव्हाच दिसलं, चाल बदललीय,
मान जरा मागे, कुणी हाक मारल्यासारखी.
म्हणालीस, डेपोतल्या होल्गरने आधी ओळखलंच नाही,
मग ओळखलं आणि गप्प झाला.
ते गप्प होणं जास्त आवडलं.

कात्री फक्त रबराला. बाकी सगळं बोटांनी.
एकेक वेणी सुटत गेली, आणि मांडीवरच्या टॉवेलात
पिकल्या केसांचा हा एवढा गुंता जमला,
मांजराच्या पिल्लाएवढा.
तुझा चेहरा उतरला.
नाही गं, गेलेलं काही नाही.
रोज शंभरेक केस गळतातच आपले,
उशीवर, बेसिनमध्ये, ट्रामच्या सीटवर.
हे वेणीत अडकून राहिले होते.
सत्तर दिवसांचं गळणं एकदम हातात आलं.

तू तो गुंता बराच वेळ धरून बसलीस.
मी किटली ठेवली.
बाहेर अकरा नंबर वळणावर किंचाळली
आणि तू न बघता म्हणालीस, फार जोरात घेतली.

मग म्हणालीस, पुढच्या वेळी लाल.
म्हटलं, आधी तीन आठवडे डोक्याला सुट्टी.
लाल, म्हणालीस. आणि तीस.
मी चोवीस म्हटलं.
अठ्ठाविसावर तू अडलीस, चहा गार झाला,
शेवटी पुन्हा सव्वीसवरच तुटलं.
जुन्या मोरपंखी मी जाळीच्या पिशवीत घातल्या.
धुतल्या की त्या पहिल्यासारख्या होतात.