तिथीची पाऊणपट

नाट्याच्या मच्छीमार सोसायटीत, पंख्याखाली,
अठ्ठेचाळीस वह्या आणि माझ्यापुढे एकच रकाना:
वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद.
याहून वेगळं काही तो आत घेत नाही.

काशीम होडेकरांनी मात्र बंदरावर बसून
जसं दिसलं तसं लिहिलेलं.
‘कार्तिक. वद्य पंचमी, भरतीला. बांगडा सात टोपल्या.’
‘रमजानचा एकविसावा, सहेरीच्या वेळी. सुरमई. बर्फ नाही.’
‘काल.’
नुसतं ‘काल’.
त्या पानावर तेलाचा डाग आहे, तारीख नाही.

भरतीचं गणित मरियमबी सोलकरनी शिकवलं:
तिथीची पाऊणपट कर.
अष्टमीला सहा. पंचमीला पावणेचार.
‘दिवसाचे की रातचे?’
‘सात टोपल्या दुपारी कोण आणतो रे?’
म्हणून मी लिहिलं
१९७९-११-०९ ०३:४५:००.
सेकंद शून्य. काशीमचाचांना सेकंद कधी लागलाच नव्हता.

पुढच्या वह्या कुणीतरी आधीच टंकलेल्या,
महिना आधी, दिवस मागून.
तीन एप्रिलचा चार मार्च झाला
आणि गपगुमान आत जाऊन बसला.
बारा तारखेपर्यंत हूं नाही की चूं नाही.
तेराव्याला मशीन ओरडलं:
तेरावा महिना नसतो.
आमच्या भावकीतही असंच,
बाराव्यापर्यंत सगळे मूग गिळून.

मग ऑगस्टात मरियमबीला नोटीस आली.
बंदी मोडून बोट समुद्रात,
एकतीस जुलै, रात्री साडेअकरा.
ती जिना चढून आली, कागद टेबलावर ठेवला,
त्यावर चाव्यांचा जुडगा, उडू नये म्हणून.
‘साडेअकराला माझा पोर जेटीवर डिझेल भरीत होता.
बांग झाली, मग दोर सोडला.
अख्खं बंदर सांगेल.’

मी कच्ची नोंद उघडली.
वेळेच्या शेपटाला एक अक्षर होतं, झेड.
कचरा समजून मीच कापलेलं.
ते सांगत होतं, ही घटका ग्रिनिचची आहे,
तिथे अजून जुलै आहे,
नाट्यात उजाडायला आलंय.

साडेपाच तास परत जोडले, सगळ्या ओळींना.
चारशे बारा बोटी
रात्रीतून उचलून पहाटेत ठेवल्या.
‘तुझ्या मशीनला बांग ऐकू येत नाय?’
नाही म्हटलं.
‘मग लिहून दे, सहीशिक्क्यानं.’

हल्ली एक रकाना जास्त ठेवतो, मूळ नोंद.
काशीमचाचांचं जसंच्या तसं, तेलाचा डाग सोडून.
‘काल’समोरची तारीख अजून रिकामी.
जाताना तिला ते पान दाखवलं.
डागावर बोट घासून तिनं हुंगलं.
‘मोरीचं तेल.
होडी वर ओढून तेल पाजायचे दिवस. वैशाख असेल.’
‘आणि साल?’
चाव्या उचलत म्हणाली,
‘सालाला वास नसतो.’