मधली जागा

वीस बाय दहाचा फ्लेक्स.
वर कन्नड, मोठ्या अक्षरात, नियमाप्रमाणं,
खाली मराठी, बसेल तेवढी,
आणि मधे तो, हाताची घडी घालून, मांडीपर्यंत.
गुडघा दाखवू नको, सेक्रेटरी म्हणाले,
पट्टी दिसते.

आमचे अकरा जण तळाला,
पोस्टाच्या तिकिटाएवढे.
जोतिबा सांबरेकरला मी त्याच्या आधार कार्डावरून कापला,
कानाजवळ जरा पांढरं राहिलं.
राहू दे म्हणाला, फौंड्रीत कोण बघतंय.

चौदा वर्षं लीग चालली.
चुना मारायला आम्हीच, जाळी शिवायला आम्हीच,
बघायला दोनशे माणसं,
त्यातली साठ फुटाण्याच्या गाड्याभोवती.
खरं यंदा दहाचं तिकीट पन्नास झालं
आणि कॅम्पापर्यंत रांग लागली.
गोकाकहून जीप भरून आली,
निपाणीचे तंबाखूवाले आले, पांढऱ्या चपलांत.
तो कुठाय, एवढंच विचारत.

तो घानाचा. क्वाबेना.
कुठल्याशा थंड देशात
दुसऱ्या फळीत सात हंगाम खेळलेला.
‘दुसऱ्या फळीत’ आम्ही गाळलं,
जागा नव्हती.

वीसच मिनिटं खेळायचा.
पाय थकलेले, खरं चेंडू त्याच्याकडं गेला
की ओळखीच्या घरी आल्यागत थांबायचा.
एवढं कबूल करतो.
मी नऊ वर्षं त्याच मैदानावर लेफ्ट बॅक,
माझ्याकडून चेंडू कायम घाईत निघून गेला.

इल्ली, इल्ली, हे तो बसू अंगडीकडून शिकला,
सोड की गा, हे इम्तियाजकडून.
कुठली भाषा कुठली, ठाऊक नव्हतं.
पास मिळाला की झालं.

एकदा दुकानात आला, शाईच्या वासात बसून चहा प्याला.
माझं नाव कुठलं, बोटानं विचारलं.
हे वरचं, आणि हे खालचं.
वाच म्हणाला. वाचलं.
वरचं एक निघालं, खालचं दुसरंच.
पोट धरून हसला तो : दोन्ही चूक.
सत्तर वर्षांत या गावात
इतका निःपक्ष निकाल कुणी दिला नव्हता.

मग म्हणाला, नावाचा अर्थ मंगळवारचा जन्म.
म्हणजे मंगळ्या की, मी म्हटलं,
माझा चुलता मंगळू, त्याचा मेहुणा शुक्राप्पा.
दुसऱ्या दिवशी अर्धं मैदान मंगळ्या, मंगळ्या ओरडत होतं
आणि सेक्रेटरी माझ्यावर भडकले :
मंगळ्या बघायला पन्नास रुपये कोण देतंय?

सेमीफायनलला तो बाकावर,
गुडघ्यावर बर्फाची पिशवी.
शेवटची दोन मिनिटं. जोतिबा,
पाठ गोलकडं, मागं दोघं लोंबकळलेले,
आणि कसा कोण जाणे, वळला.
चेंडू खांबाला आतून घासून गेला.
मी पाहिला. खोटं कशाला, मीही अर्धाच.
सगळे मोबाईल बाकाकडं वळलेले होते.
प्रत्येक व्हिडिओत तोच एकटा,
पिशवी सांडून एका पायावर उभा,
मोठाले हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवतोय.
जोतिबाच्या गोलाचा तेवढाच पुरावा.

तो गेला. अर्धे पैसे राहिले म्हणतात.
फ्लेक्स होनग्याच्या कुणीतरी नेला
गवताच्या गंजीवर टाकायला;
बसमधून एक खांदा दिसतो,
आणि नावाचं पहिलं अक्षर,
कन्नडातलं की मराठीतलं,
घडीत कळत नाही.

काल सेक्रेटरी आले.
यंदा ब्राझीलचा बघालोय, ठरला नाही अजून.
तू फ्लेक्स करून ठेव, मधली जागा सोड.

फाईल उघडली. त्याला कापून काढला, सावकाश.
हाताच्या घडीचा आकार राहिला, पांढरा.
खाली अकरा तिकिटं.
जोतिबाच्या कानाजवळचं पुसायला म्हणून माऊस नेला,
आणि पुसलं नाही.
त्याला बोटभर मोठा केला फक्त.
कुणाच्या लक्षात येणार नाही.