दहा मायक्रोग्रॅम

मॅडम, बाटली रिकामी आलीय.
बांबोळीहून फोन. आवाज कोवळा,
पीएचडीचं दुसरं वर्ष असावं.
म्हटलं, उजेडाकडे धरू नकोस, दिसणार नाही.
तळाशी साय असते, नसल्यासारखी.
झाकण काढण्याआधी मशीनवर मिनिटभर फिरव,
मग थंड पाणी सोड, काचेच्या भिंतीवरून.
हलवू नकोस. थांब.
तो म्हणाला, पण वजनकाट्यावरही काही येत नाही.
दहा मायक्रोग्रॅम, बाळा.
मुंगीला पापणी असती, तर तेवढं.

वेर्ण्याच्या पठारावर, जांभा तासून बांधलेल्या आमच्या शेडमध्ये
सदतीस अंशांवर जंतू वाढतात.
त्यांना सांधे नाहीत, ताप नाही, कुणाची आठवण नाही.
त्यांच्याकडून आम्ही माणसाचा एक शब्द वदवून घेतो:
इंटरल्यूकिन सहा.
पेटा, असा त्याचा साधारण अर्थ.
जागे व्हा, जंतू आत शिरलेत.
जंतूंच्याच तोंडी ही आरोळी,
आणि त्यांना ती कळत नाही.

घाईत बोललेला शब्द चुरगळतो.
साखळी पुरी होते, पण घडी चुकते,
गोळा होऊन पेशीच्या कोपऱ्यात पडून राहते.
मग ती युरियात भिजवायची
(माडाच्या आळ्यात टाकतात, तोच युरिया),
पार उलगडायची,
आणि रात्रभर पाणी बदलत राहायचं.
पहाटेपर्यंत ती आपली आपण घडी घालून घेते.
चौदा वर्षं बघतेय.
कोण शिकवतं तिला, मला सांगता येणार नाही.

पाळी संपवून मी शिरोड्याला पोचते तेव्हा
पोदेर भोंपू वाजवत वाड्यावरून जात असतो.
ज्यांना पाव हवा त्यांचंच दार उघडतं,
बाकीचे कूस बदलतात.
शब्द असाच फिरतो अंगात, मी नव्या मुलींना सांगते.
सुरंगाचं सांगत नाही.
सुरंगा, माझी थोरली.
तिच्या अंगात सगळी दारं सताड उघडी
आणि पोदेर जातच नाही.
बोटांची पेरं सुजून तांबडी,
आदोळीवर नारळ धरवत नाही,
सकाळी दहापर्यंत मूठ मिटत नाही.
सासरी म्हणायचे, दिसत तर काहीच नाही.

एकदा बाद झालेली एक बाटली मी खिशातून घरी नेली.
नियमात बसत नाही. नेली.
तिनं ती दोन तळव्यांत धरली, चिमटीत येईना.
हे?
हेच. तुझ्यात हे जास्त झालंय.
तिनं खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं.
दिसत तर काहीच नाही, ती म्हणाली,
आणि आपण काय बोललो ते ऐकून
इतकी हसली, इतकी हसली,
की बाटली निसटून माझ्या ओट्यात पडली.

लेबलं मीच चिकटवते.
मानवी, असं मोठ्या अक्षरांत.
त्याखाली बारीक: फक्त संशोधनासाठी,
माणसांवर वापरू नये.
एका ओळीचं अंतर.

चार वाजता पुन्हा बांबोळी.
मॅडम, होतं हो! पेशींनी ऐकलं!
विचारलं, आता पुढे काय करणार?
म्हणाला, आता त्यांनी ऐकू नये म्हणून काहीतरी शोधायचंय.
मी थोडा वेळ काही बोलले नाही.
त्याला वाटलं लाइन गेली.
अजून हवं असेल तर सांग, मी म्हटलं,
या घाण्यातलं चांगलं उतरलंय.

मिंगेल गाडी लावून हॉर्न देतोय.
पेटी बांधते, वजन लिहिते:
थर्माकोल, जेलचा बर्फ, कागद, चिकटपट्टी.
चार किलो दोनशे.
आतल्या मालाचं धरत नाहीत.